तिथीची पाऊणपट

आमचं घर मिठागरावरचं. पेणजवळच्या गडबच्या पुढं मोठा रस्ता सोडून खाडीकडं उतरलं की शेवटी बांध लागतो, त्या बांधाच्या आतल्या अंगाला आमची पाच-सहा घरं. मिठागरात लपायला जागा नसते बघा. सगळं सपाट, एक झाड नाही, माणूस लांबून येताना दिसतो आणि नुसत्या चालीवरून तो कोण ते कळतं, रागात येतोय की भुकेला तेसुद्धा कळतं. अशा जागी वाढलेला मुलगा पुढं नौदलाच्या गुप्तवार्ता खात्यात अधिकारी झाला ह्याचं लोकांना नवल वाटतं, मला नाही वाटत. बघायचं कसं ते मी तिथंच शिकलो. लपायचं कसं ते मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही, ते पुढं येईलच सांगण्यात.

माझ्या बाला अक्षर येत नव्हतं. पण भरतीचं पाणी कधी चढणार ते तो घड्याळ न बघता सांगायचा, कारण मिठागराचा सगळा जीव त्या पाण्यावर. पाणी चढलं की बांधाची उघाडी, म्हणजे लाकडी दार, वर करायचं, पाणी वाफ्यांत घ्यायचं, वेळ चुकली की दिवस गेला. त्याचा हिशेब सोपा. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास पाणी जोरात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मरतुकडं, अर्ध्या बांधालाही लागत नाही, त्याला आम्ही भांग म्हणतो. एवढंच शास्त्र. पुढं नौदलात मला भरती-ओहोटीची जाडजूड पुस्तकं दिली, इंग्रजी आकड्यांनी भरलेली, आणि काय सांगू तुम्हाला, मी आधी मनातल्या मनात पाऊणपट करायचो आणि मग पुस्तक बरोबर आहे का ते बघायचो.

पेणला हायस्कुलात माझ्या शेजारी लतीफ बसायचा. तो मूळचा रोह्याचा, बापाचा शिडाचा मचवा होता, मीठ, कौलं, मिळेल ते भरून किनाऱ्यानं न्यायचा. लतीफ पेणला मामाकडं राहून शिकत होता. आमची दोस्ती झाली ती भांडणातून. मी म्हटलं आज भरती साडेसातला, तो म्हणाला नाय, माझा अब्बा चाँद बघून सांगतो, तू देवळातल्या गुरवाला विचारून सांगतोस, बघू कोण बरोबर. दोघं धरमतरच्या बाजूला गेलो, पाण्यात काठी रोवून बसलो, आणि दोघंही बरोबर निघालो, कारण चंद्र एकच, दोघांची मोजायची सुरुवात एक-दीड दिवसानं मागंपुढं. त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. बंदरावर कुठला मचवा आला, किती बुडालाय, म्हणजे आत माल किती, तो आजच्या पाण्यावर निघणार की उद्याच्या, ह्यावर पैजा लावायच्या. मास्तर म्हणायचे हे दोघं वाया गेले. मास्तरांना काय ठाऊक, पुढं ह्याच धंद्याचा सरकार मला पगार देणार होतं.

मॅट्रिक झालो आणि नौदलात शिरलो, साधा खलाशी म्हणूनसुद्धा नाही, कारकून म्हणून. तिथं कारकुनाला रायटर म्हणतात. आईनं गावभर सांगितलं, माझा दामू बोटीवर बसून पुस्तकां लिवतो. मी रजा आणि शिधा लिहीत होतो. पण अक्षर बरं होतं, इंग्रजी रात्रशाळेत घासून आणलं, खात्याच्या परीक्षा दिल्या, आणि बऱ्याच वर्षांनी खांद्यावर अधिकाऱ्याची पट्टी आली. मग एका साहेबांना कळलं की ह्या माणसाला नुसता फोटो दाखवला तरी जहाज भरलेलं की रिकामं ते सांगतो. त्यांनी मला उचलून गुप्तवार्तेत नेलं.

आता तुम्ही सरसावून बसलात. बसा नीट, चहा येतोय. त्या खात्यात मी काय केलं? खुर्चीवर बसलो. परक्या देशांची वर्तमानपत्रं, त्यातल्या बोटी आल्या-गेल्याच्या याद्या, व्यापारी जहाजांवरच्या आपल्या लोकांनी गप्पांत सांगितलेलं, धूसर फोटो. ते सगळं जोडून एक कागद लिहायचा. धक्क्याला किती पाणी, क्रेन किती, कुठल्या कंपनीचं धुराडं कुठल्या रंगाचं. पिस्तूल मला वर्षातून एकदा सरावाला मिळायचं आणि परत देताना त्याची पोच घ्यायची. सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार म्हणजे गोपनीय लिहिलेला रबरी शिक्का. एकदा कँटीनच्या वड्यांची तक्रार होती, तिच्यावरही माझ्या हातनं तो बसला, आणि मग वडे कडक का होतात हे कुणाला विचारायची सोय राहिली नाही.

लतीफ तोवर आखातात गेला होता. एका बंदरात धक्क्यावर मोजणी कारकून. बंदराचं नाव विचारू नका, मघाशी तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोन्ही वेळा चहाचं काढलं. त्याची पत्रं माझ्या गावच्या पत्त्यावर यायची, मी रजेवर आलो की वाचायचो आणि उत्तर लिहायचो. पत्रात काय, तर आमचा जुना नाद. दामू, आज असं असं जहाज आलं, पोट एवढं खोल, तीन दिवस बाहेर नांगर टाकून बसलंय. आणि एका पत्रात त्यानं लिहिलं, इथं आपली पाऊणपट चालत नाय रे, पाणी दोन तास उशिरा येतं, आणि भांगाच्या दिवसांत मोठं जहाज धक्क्याला लागतच नाय, बूड टेकतं, बारशीपासून चौथीपर्यंतच काय ते आत येतात, बाकीचे दिवस आम्ही माश्या मारतो. खाली लिहिलं होतं, अब्बाला सांग, त्यांचं शास्त्र इथल्या समुद्राला ठाऊक नाय.

मी ते वाचलं तेव्हा मित्र म्हणून हसलो. दोन आठवड्यांनी ऑफिसात बसलो होतो आणि त्याच बंदरावर कागद मागितला गेला. बाकी सगळी माहिती होती, पण मोठी जहाजं कुठल्या दिवशी धक्क्याला लागू शकतात हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला ठाऊक होतं. आणि मी लिहिलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती हो. मला वाटलं माहिती हवेतनं आल्यासारखी येते, कुणाची नसते. शाबासकीचा मोह पण होता, खोटं कशाला बोलू.

पण लिहिताना मी काय केलं बघा. इंग्रजीत लिहिलं, टाइप केलं, शिक्का मारला, आणि आत लिहून बसलो की मोठी जहाजं चांद्र पंधरवड्याच्या बाराव्या दिवसापासून पुढच्या पंधरवड्याच्या चौथ्या दिवसापर्यंत आत येतात. बारस ते चौथ. नौदलात कुणी तिथीनं लिहितं का? पुण्याचा, दिल्लीचा कुणी असता तर त्यानं तारखा आणि मीटर लिहिले असते. मिठागरातला माणूस, हात तिकडंच गेला.

आमचे साहेब बंगालकडचे, किडकिडीत, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी कागद वाचला, मला बोलावलं आणि विचारलं, दामोदर, आपलं खातं पंचांगावर कधीपासून चालायला लागलं? मी म्हटलं, सर, सवय आहे, वडील तसं मोजायचे. ते म्हणाले, मोजणं तुझं असेल, पण हे मुंबईत बसून दिसत नाही, हे धक्क्यावर उभं राहून कुणीतरी बघितलंय, आणि तो माणूसही चंद्र बघून मोजणारा आहे, म्हणजे तुझ्याकडचा आहे. कोण आहे?

परदेशातल्या माणसाशी पत्रव्यवहार असला तर खात्याला कळवायचा, हा नियम मला पाठ होता, मी तो दुसऱ्यांना शिकवायचो. तीन वर्षं मी कळवलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते परदेशच नव्हतं, लतीफ होता.

साहेबांनी दोन कोरे कागद टेबलावर ठेवले. म्हणाले, एकावर त्याचं नाव आणि पत्ता लिही, मग आपली माणसं त्याला भेटतील, त्याच्याशी बोलतील, तो अजून कळवत राहील. नाहीतर दुसऱ्यावर लिहून दे की परदेशात कुणाशीही माझा संबंध नाही आणि पुढंही राहणार नाही. दोन्हीपैकी एक. मी चहा पिऊन येतो. आणि खरंच चहाला गेले, भला माणूस, दार ओढून घेतलं.

मी काय विचार केला सांगतो. लतीफ पकडला गेला तर त्या देशाच्या तुरुंगात सडणार, रोह्याला त्याचे आई-अब्बा म्हातारे, आणि तो काय हेर होता का, तो गप्पा मारत होता. मी दुसरा कागद भरला. साहेब आले, वाचला, घडी घातली, म्हणाले, माणूस प्रामाणिक आहेस, पण अर्धाच. माझी बढती तिथंच थांबली. त्याचं मला एवढं वाईट नाही वाटलं. एक पट्टी कमी असली की इस्त्रीचा त्रासही कमी.

पण लतीफला हे सांगणार कसं? पत्र लिहून संबंध तोडतोय असं कळवणं म्हणजे परत पत्र लिहिणंच. आणि कारण तर उच्चारायचंच नाही. मी घरी सांगून ठेवलं, लतीफची पत्रं आली की न फोडता परत पाठवायची. आमची ही, सुलोचना, आता चहा घेऊन येईल ती, ती म्हणाली, भांडलाव काय त्याच्याशी? मी म्हटलं नाही. मग कशाला परत? मी म्हटलं, सरकारी काम आहे. ती म्हणाली, सरकारला पत्र नको असल तर सरकारनं परत पाठवावं, माझ्या हातनं कशाला? पण पाठवली तिनं, एकामागून एक, पोस्टमन पाकिटावर घेणार नाही असं लिहायचा आणि न्यायचा.

एका वर्षी गौरी-गणपतीला रजेवर आलो होतो. दुपारी ओटीवर बसलो होतो तर बांधावरून माणूस येताना दिसला. मघाशी म्हटलं ना, चालीवरून कळतं. हातात पिशवी, एक खांदा जरा खाली, लतीफ. मला पळायला भरपूर वेळ होता, मिठागराची तेवढी मेहेरबानी. मी हिला म्हटलं, सांग मी घरी नाय, आणि आत माजघरात जाऊन भाताच्या कणगीमागं उभा राहिलो. गुप्तवार्ता खात्यातला अधिकारी कणगीमागं. पाठीला तूस टोचत होतं.

तो आला, ओटीवर बसला. पाणी प्याला. मुलांना खाऊ दिला, हिला अत्तराची कुपी दिली. विचारलं, वहिनी, दामू? ही म्हणाली, मुंबईस हायत, रजा नाय मिळाली. तो हो का म्हणाला. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. मग उठला आणि म्हणाला, वहिनी, ते बूट आत घ्या हो, पावसाची सर येतेय, चामडं कडक होतं.

माझे बूट. काळे, नौदलाचे, आरशासारखं पॉलिश केलेले, ओटीच्या पायरीवर जोडीनं ठेवलेले. आमच्या सगळ्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, तसे बूट एकाच माणसाकडं होते.

सुलोचना बूट घेऊन आत आली, माझ्यासमोर ठेवले, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. हां, ही आलीच बघा. सांग तू. ती म्हणते, काय सांगू, गणपतीत खोटं बोलायला लावलंनी मला, ते पण धड जमत नव्हतं तर बूट तरी आत घ्यायचे. बरोबर आहे तिचं. त्यानंतर लतीफचं एकही पत्र आलं नाही.

मग काय, दिवस गेले. मी निवृत्त झालो, गावाला आलो. आमचं मिठागर तोवर बंद पडलं होतं, वाफ्यांत आता कोळंबी. लतीफ आखातातून कायमचा रोह्याला परतलाय असं पेणच्या बाजारात कानावर आलं. त्यालाही दहा वर्षं झाली. पेण ते रोहा एसटीनं कितीसं लांब? जगातली बंदरं मला पाठ, पण तो एक रस्ता मला सापडत नव्हता. मनात स्वतःची समजूत घालत होतो की मी त्याच्यासाठी बढती सोडली, मी काही वाईट केलं नाही. बढती सोडली हे खरं होतं. म्हणून तर ते इतकी वर्षं पुरलं.

गेल्या वर्षी पेणला एका मंडळानं माझा सत्कार केला. चौकात फलक लावला, माझा फोटो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा, काळा चष्मा घातलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत थोर गुप्तहेर. गुप्तहेराचा फलक, चौकात, ढोलताशासकट. शाल दिली, नारळ दिला, पाहुण्यांनी समुद्राविषयी भाषण केलं, ते कधी बोटीत चढल्यासारखे वाटत नव्हते. मग म्हणाले, साहेब, एखादा थरारक प्रसंग सांगा. मी सांगितलं. म्हटलं, मी एकदा कणगीमागं लपलो होतो आणि बूट बाहेर राहिले. लोक खो खो हसले, टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं विनोद आहे.

घरी आलो, शाल खुंटीला लावली. सुलोचना म्हणाली, साऱ्या पेणला सांगितलाव. ज्याला सांगायचा त्याला कवा सांगणार? तो काय फलक वाचायला येणार हाय?

दुसऱ्या दिवशी रोह्याला गेलो. नदीकडच्या गल्लीत घर विचारत विचारत पोचलो. दारात त्याची सून, मी नाव सांगितलं. ती आत वळायच्या आधी आतूनच आवाज आला, सुनबाई, सांग त्यांना, अब्बा घरात नाहीत. रजा नाय मिळाली.

मी पायरीवर बसलो. पायातले बूट काढून जोडीनं ठेवले. म्हटलं, ठीक आहे, मी थांबतो, मला घाई नाही. थोड्या वेळानं आतून विचारलं, आज तिथी काय? मी म्हटलं, सप्तमी. भरती? सव्वापाच. तो म्हणाला, मुंबईला सव्वापाच, इथं वर पाणी उशिरा चढतं, तेवढंही तुला ठाऊक नाय, कसली नोकरी केलीस. आणि बाहेर आला. काठी होती हातात. खांदा अजून तसाच, जरा खाली.

मी त्याला सगळं सांगितलं. सही केलेला कागद मोडला म्हणा, त्या बंदराच्या जागी आता भराव घालून दुकानं झालीत, कुणाचं काय बिघडणार. पत्र वाचलं, त्यातनं लिहिलं, साहेबांनी पकडलं, दोन कागद, मी तुझं नाव दिलं नाही. हे शेवटचं मी जरा सावकाश सांगितलं, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.

तो नदीकडं बघत होता. म्हणाला, इतकी वर्षं मला वाटलं, मुसलमान दोस्त नोकरीत आड येत असल म्हणून तोडलंस. वाईट वाटलं, पण म्हटलं, पोराबाळांचा माणूस हाय. ते मी माफ केलं होतं. हे आता नवीन सांगतोयस तू. मी म्हटलं, नाव दिलं नाही लतीफ. तर म्हणाला, नाव नाय दिलंस, ह्याचं कौतुक सांगायला आलास व्हय? पत्र दिलंस ना? मी भरती तुला कळवली होती, दामू. सरकारला नाय.

बघा. एवढी वर्षं मी ज्या जागी स्वतःला शाबासकी देत होतो त्याच्या एक पायरी आधी माझी चूक बसली होती, आणि मी, माहिती कुठून आली हे शोधायचा पगार घेणारा माणूस, मला ती दिसली नाही. मी म्हटलं, चुकलंच माझं. त्यानं काठी भिंतीला टेकवली. सुनेनं मऊ भाताचं खिमट आणि लोणचं आणलं, म्हातारे दिसलो आम्ही तिला. ते खाल्लं.

मग तो आत गेला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात त्याची परत गेलेली पत्रं. चौदा. न फोडलेली, वर आमच्या पोस्टमनचं अक्षर, घेणार नाही. म्हणाला, हे वाचायचं. इथं, माझ्यासमोर, मोठ्यानं. आणि प्रत्येकाचं उत्तर द्यायचं, तोंडी चालेल. त्याशिवाय माफी-बिफी काय नाय.

म्हणून मी सप्तमीला रोह्याला जातो. जेवून निघालं की पाणी चढायच्या वेळेला पोचतो. एक पत्र फोडायचं. पहिल्यात लिहिलं होतं, दामू, तुझं उत्तर नाय, पोस्टात घोळ झाला असल. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात लोणचं घालून पाठव म्हणून तुझ्या आईला सांग असं. मी वाचतो, तो ऐकतो, मध्येच म्हणतो, थांब, ह्याचं उत्तर दे आधी. मी देतो. कधीकधी त्याला राग येतो आणि म्हणतो, आज बस, जा तू. मी जातो. पुढच्या सप्तमीला परत.

आता पाच राहिलीत. आधी महिन्याला दोन वाचत होतो, आता तो म्हणतो, एक पत्र दोन सप्तम्यांना पुरवायचं, अर्धं आज, अर्धं पुढच्या खेपेला. मी कारण विचारलं नाही. आमची दोघांची वयं बघता घाई करायला हवी होती, पण दोघंही करत नाही. सगळी वाचून होईपर्यंत दोघांनीही असावं, एवढं झालं तरी पुष्कळ.

बूट मी पायरीवरच काढतो, जोडीनं. परवा सर आली तर आतून ओरडला, सुनबाई, गुप्तहेराचे बूट आत घे गो, चामडं कडक होतं.